अग्निशमनाचे शिक्षण आणि नागपूरचे महाविद्यालय

१४ एप्रिल हा दिवस महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीचा दिवस म्हणून सर्वत्र साजरा होतो. त्याच दिवशी देशातील प्रत्येक अग्निशमन केंद्रात आणखी एका घटनेचे स्मरण करण्यात येते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी नसते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजास आग लागली. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता. त्याच जहाजात कराचीहून चढविलेल्या कापसाच्या गाठी होत्या. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले. नऊशे टनांहून अधिक पाणी जहाजात सोडण्यात आले; परंतु दाट धुरामुळे आगीचे मूळ कोठे आहे हेच सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला व त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. मुंबई अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी त्या दिवशी प्राण गमावले. दरवर्षी १४ ते २० एप्रिल या काळात पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह हा त्यांच्या स्मृतीचा सप्ताह आहे.

या दुर्घटनेकडे केवळ शौर्यकथा म्हणून पाहणे पुरेसे नाही. त्या जवानांच्या धैर्यात काही उणे नव्हते. उणीव होती ती माहितीची आणि वेळेवर घेतल्या जाणाऱ्या निर्णयाची. दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठीत तंतूंच्या मध्ये हवा अडकून राहते. त्यामुळे वरून पाणी पडत असतानाही गाठ आतून धुमसत राहते. विदर्भातील जिनिंग कारखान्यांत काम करणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असते. अशा धुमसत्या मालाशेजारी स्फोटके असताना जहाज गोदीबाहेर न्यावे, तेथेच बुडवावे की पाण्याचा मारा चालू ठेवावा, हा प्रश्न दोन तास अनिर्णीत राहिला. आग विझविणे हे जसे हातापायांचे काम आहे, तसेच ते पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि नेतृत्व यांचेही काम आहे. आणि त्यासाठी रीतसर शिक्षणाची आवश्यकता आहे, हा विचार स्वातंत्र्योत्तर काळात दृढ झाला.

रामपूर ते नागपूर

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा निरनिराळ्या प्रांतांतील व शहरांतील अग्निशमन दलांची साधने, हुद्दे आणि कवायती यांत एकवाक्यता नव्हती. एका शहराच्या होजची जोडणी दुसऱ्या शहराच्या पंपाला बसेलच याची शाश्वती नसे. ही विस्कळीत स्थिती दूर करण्यासाठी जे प्रयत्न झाले, त्यांतूनच राष्ट्रीय पातळीवरील प्रशिक्षण संस्थेची कल्पना पुढे आली. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५७ मध्ये, ते नागपूर येथे हलविण्यात आले. देशाच्या मध्यभागी असलेले व चारही दिशांच्या लोहमार्गांनी जोडलेले शहर म्हणून नागपूरची सोय उघड होती. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील हे महाविद्यालय तेव्हापासून नागपुरातच आहे. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या अग्निशमन दलांचे अधिकारी येथे शिकून जातात. नागपूरकरांना मात्र आपल्या शहरातील या संस्थेची ओळख संत्र्यांइतकी नाही, हेही खरे.

येथील शिक्षणाचे दोन प्रवाह आहेत. पहिला, सेवेत असलेल्यांसाठी. उपअधिकारी, स्थानक अधिकारी, विभागीय अधिकारी अशा चढत्या श्रेणींनुसार अभ्यासक्रम आखलेले असून राज्यांची दले, महानगरपालिका, सार्वजनिक उपक्रम यांजकडून पाठविलेले उमेदवार त्यांस उपस्थित राहतात. दुसरा प्रवाह बारावी विज्ञान शाखेनंतर थेट प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय घेऊन बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास फायर इंजिनियरिंग या विषयात अभियांत्रिकीची पदवी येथे घेता येते. ही पदवी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची असते. याच प्रकारचे, सुरक्षा व अग्नि अभियांत्रिकीचे, पदवी शिक्षण कोची येथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातही मिळते.

पदवीच्या वर्गात मुली नव्हत्याच, अशी स्थिती दीर्घकाळ होती. २००२ मध्ये नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी येथे प्रवेश घेतला आणि अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. पुढे त्या तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या अग्निशमन सेवेत दाखल झाल्या. शाळांतील मुलींना हे उदाहरण शिक्षकांनी अवश्य सांगावे. कारण या क्षेत्राचे नाव निघताच मुलींनी आपण होऊनच माघार घ्यावी, असे वातावरण अजून पुरते निवळलेले नाही.

गणित कशासाठी?

'आग विझवायला गणित कशाला?' असा प्रश्न पालक विचारतात. उत्तरादाखल एकच उदाहरण पुरेसे आहे. २० मिलिमीटर व्यासाचे नोझल व त्यावर ५ बार दाब धरल्यास एका मिनिटात सुमारे ६०० लिटर पाणी बाहेर पडते. ४,५०० लिटर पाण्याची टाकी असलेला बंब अशा एकाच धारेने साडेसात मिनिटांत रिकामा होतो. याच नोझलची मागे बसणारी रेट सुमारे ३२ किलोग्रॅम वजनाइतकी असते. ती धरून उभे राहणे एकट्याचे काम नव्हे; म्हणूनच नोझलवर दोन जवान असावेत असा शिरस्ता आहे.

पुढे आणखी हिशेब येतात. होजमधून जाणाऱ्या पाण्याचा ओघ दुप्पट केला की घर्षणाने वाया जाणारा दाब जवळजवळ चौपट होतो. नोझल दहा मीटर उंच नेले की पंपावर साधारण एक बार दाब अधिक द्यावा लागतो. सातव्या मजल्यावर नोझल धरून उभ्या असलेल्या जवानाला पाणी मिळेल की नाही, हे खाली पंपाशी उभ्या असलेल्या यंत्रचालकाच्या तोंडी हिशेबावर ठरते. तेथे कागद-पेन्सिल घेण्यास सवड नसते.

इमारतीत ओतलेले पाणी नाहीसे होत नाही, याचेही भान ठेवावे लागते. मिनिटाला ६०० लिटर म्हणजे मिनिटाला ६०० किलोग्रॅम. त्यातील काही वाफ होऊन जाते, काही जिन्यावरून वाहून जाते. उरलेले लाकडी तक्तपोशी, कापडाचे गठ्ठे व कागदाचे ढीग शोषून घेतात आणि आधीच जळून क्षीण झालेल्या तुळयांवर ते वजन पडते. जुन्या, लाकडी सांगाड्याच्या इमारतींत आत शिरलेल्या माणसांना बाहेर केव्हा बोलवायचे, हा अधिकाऱ्यापुढील सर्वांत कठीण निर्णय असतो. मे २०१५ मध्ये मुंबईत काळबादेवी येथील जुन्या इमारतीची आग विझविताना इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी मृत्युमुखी पडले; त्यांत दलाचे प्रमुखही होते. महाविद्यालयात इमारत बांधकाम हा विषय केवळ नकाशे वाचण्यापुरता शिकविला जात नाही, त्याचे कारण येथे दिसून येते.

श्वसनयंत्राचा हिशेब विद्यार्थ्यांकडून पुनःपुन्हा करवून घेतला जातो. सहा लिटरच्या नळकांड्यात ३०० बार दाबाने भरलेली हवा म्हणजे सुमारे १,८०० लिटर हवा. श्रमाचे काम करणाऱ्या जवानाला मिनिटास ४० लिटर हवा लागते असे धरले, तर ती ४५ मिनिटे पुरेल. परंतु ५० बार हवा अडीअडचणीसाठी राखून ठेवावयाची असते. म्हणजे हाती राहिली साडेसदतीस मिनिटे. धुरातून आत जाण्यास दहा मिनिटे लागली असतील तर परतीसही दहा लागणार. प्रत्यक्ष कामासाठी उरतात सतरा-साडेसतरा मिनिटे. घाबरलेला माणूस यापेक्षा पुष्कळ अधिक हवा घेतो. म्हणून धुराने भरलेल्या अंधाऱ्या खोलीत भिंतीचा स्पर्श न सोडता रांगत जाणे, दोराच्या गाठी हातमोजे घालून बांधणे, शुद्ध हरपलेल्या माणसाला खांद्यावर टाकून शिडी उतरणे, या कवायती अंगवळणी पडेपर्यंत करवून घेतल्या जातात. बाहेरून पाहणाऱ्यास ती परेड वाटते. वास्तविक तो श्वास सांभाळण्याचा अभ्यास असतो.

पाणी, वाफ आणि तेल

आगीस जळणारा पदार्थ, प्राणवायू व उष्णता या तिन्हींची गरज असते, हे प्राथमिक शाळेतही शिकविले जाते. ज्वाळेतील रासायनिक साखळी ही चौथी बाजू मानण्यात येते. कोरड्या रासायनिक भुकटीची अग्निशामके प्रामुख्याने याच साखळीवर घाव घालतात. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो; तो १५-१६ टक्क्यांच्या खाली गेला की बहुतेक ज्वाळा विझतात.

पाणी आग विझविते ते मुख्यत्वे ओले करून नव्हे, तर उष्णता शोषून. एक लिटर पाणी तीस अंशांपासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे २९३ किलोज्यूल उष्णता लागते. त्याच पाण्याची वाफ होण्यास मात्र आणखी २,२५७ किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ आठपट. जे पाणी वाफ न होता गटारात वाहून गेले, ते बव्हंशी वाया गेले असे समजावयास हरकत नाही. म्हणून सरळ धारेपेक्षा बारीक फवारा अनेकदा अधिक परिणामकारक ठरतो. परंतु त्यातही मेख आहे. एक लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते. बंद खोलीत, बाहेर जाण्यास वाट नसताना फवारा मारला तर तीच वाफ उलटून जवानांना भाजते. आधी धुराला वाट करून द्यावयाची की आधी पाणी मारावयाचे, हा प्रश्न प्रत्येक आगीत नव्याने सोडवावा लागतो.

लग्नसमारंभातील कढईच्या बाबतीत हाच नियम जीवघेणा ठरतो. पेटलेल्या तेलावर तांब्याभर पाणी टाकले की ते तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते आणि जळते तेल मांडवभर उडते. अशा वेळी खालचा विस्तव बंद करून कढईवर झाकण किंवा ओले करून घट्ट पिळलेले जाड कापड टाकणे हाच उपाय. स्वयंपाकाच्या गॅसची गोष्टही सांगण्यासारखी आहे. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास झाले तरी ठिणगीने पेटू शकतो. मुळात त्याला वास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वासाचे द्रव्य त्यात मुद्दाम मिसळलेले असते. वास येताच विजेचे बटण चालू करणे जितके धोक्याचे, तितकेच ते बंद करणेही. दारे-खिडक्या उघडून, सिलिंडरची झडप बंद करून बाहेर पडावे. शाळेत विज्ञानाच्या तासाला हे सर्व सहज शिकविता येण्याजोगे आहे.

राज्यातील प्रशिक्षण आणि भरती

संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा विषय नगरपालिकांच्या कार्यांत समाविष्ट आहे. त्यामुळे आपल्या राज्यात बहुतेक अग्निशमन केंद्रे महानगरपालिका व नगरपरिषदांची आहेत. औद्योगिक वसाहतींसाठी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्वतंत्र केंद्रे आहेत. विमानतळ, तेलशुद्धीकरण कारखाने, बंदरे, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची अग्निशमन शाखा येथेही प्रशिक्षित उमेदवारांना वाव असतो.

महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाची प्रशिक्षण संस्था मुंबईत सांताक्रूझ पूर्वेस विद्यानगरी परिसरात आहे. तेथे दहावी उत्तीर्णांसाठी सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम आणि पदवीधरांसाठी एक वर्षाचा उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंधक अधिकारी अभ्यासक्रम चालविला जातो. पुरुष उमेदवारासाठी उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५० किलोग्रॅम, छाती ८१ सेंटिमीटर व फुगवून ८६ सेंटिमीटर असे निकष प्रचलित आहेत. महिलांसाठीचे निकष, वयोमर्यादा व सवलती या त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहाव्यात. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

येथे एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख करणे भाग आहे. 'फायर अँड सेफ्टी' अशा पाट्या लावलेले खाजगी वर्ग आता तालुक्याच्या ठिकाणीही दिसू लागले आहेत. त्यांतील काही चांगले असतील. परंतु शेत गहाण टाकून भरलेल्या फीच्या बदल्यात मिळालेले प्रमाणपत्र अग्निशमन दलाच्या भरतीत ग्राह्य धरले जात नाही, हे मुलाला अर्ज छाननीच्या दिवशी कळावे, यासारखे दुर्दैव नाही. कारखान्यातील सुरक्षा पर्यवेक्षणाचे प्रमाणपत्र आणि अग्निशमन सेवेचे प्रशिक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत. नावातील साम्यामुळे त्यांची गल्लत होते. प्रवेश घेण्यापूर्वी मागील दोन-तीन भरती जाहिराती काढून त्यांतील शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद शब्दशः वाचावा. त्यात ज्या अभ्यासक्रमाचे नाव आहे तोच हा अभ्यासक्रम आहे काय, परीक्षा कोण घेते, आणि शिडी, होज, पंप व श्वसनयंत्र यांवर प्रत्यक्ष सराव होतो की केवळ वर्गात बसून चित्रे दाखविली जातात, हे विचारावे. ग्रामसेवक व मुख्याध्यापक यांच्याकडे पालक सल्ल्यासाठी येतात. त्यांनी ही चौकशी करून दिली तर एखादे कुटुंब कर्जातून वाचू शकेल.

प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज कायद्यानेही वाढविली आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर असून, परवानाप्राप्त अभिकरणाकडून तपासणी करून घेऊन तसे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैमध्ये, सादर करावयाचे असते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशु कक्षाला आग लागून दहा बालकांचा मृत्यू झाला. त्यानंतर 'फायर ऑडिट' हा शब्द गावोगावी पोचला. परंतु तपासणी करणारी, दोष ओळखणारी आणि तो लेखी नोंदविण्याचे धैर्य असणारी माणसे शिक्षणातूनच तयार होतात, नमुन्यातील रकाने भरल्याने नव्हे.

गावातील विहीर

ग्रामीण भागात उन्हाळ्यात कडब्याच्या गंजी, गोठे आणि कुडाची घरे पेटतात. १०१ या क्रमांकावर वर्दी जाते व तालुक्याच्या नगरपरिषदेचा बंब निघतो. तो पोचेपर्यंत लागणारा वेळ हा रस्त्याचा प्रश्न आहे. परंतु पोचल्यानंतर साडेसात मिनिटांनी उद्भवणारा प्रश्न पाण्याचा आहे. बंबावरील अधिकारी उतरताच विचारतो, 'पाणी कोठे आहे?' गावकरी विहिरीकडे बोट दाखवितात. विहिरीत पाणी असते, पण पंप ते ओढू शकत नाही.

याचे कारण महाविद्यालयाच्या पहिल्या काही पाठांतच येते. पंप पाणी 'ओढत' नाही. तो नळीतील हवा काढून टाकतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याला फार तर १०.३ मीटरपर्यंत चढवू शकतो. घर्षण व सांध्यांतील गळती वजा जाता व्यवहारात सात-आठ मीटरच हाती लागतात. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने त्यातूनही सुमारे दीड मीटर कमी होतो. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यातील कित्येक विहिरींची पातळी याहून खोल गेलेली असते. तेथे कितीही शक्तिशाली पंप काठावर उभा केला तरी उपयोग नाही. विहिरीत सोडलेला विजेचा पंप चालू करून त्याचे पाणी बंबाच्या टाकीत घ्यावे लागते. आणि आगीमुळे गावचा वीजपुरवठा तोडलेला असेल तर तोही मार्ग बंद होतो.

ग्रामपंचायतीने मार्चअखेर एकदा दोरीला दगड बांधून गावातील विहिरींची पातळी मोजावी आणि सात मीटरांच्या आत पाणी असलेल्या विहिरी कोणत्या, हे कार्यालयाच्या फळ्यावर लिहून ठेवावे. त्या विहिरीपर्यंत भरलेला बंब जाईल इतका रस्ता रुंद व टणक आहे काय, वर लोंबत्या तारा आहेत काय, काठापासून दोन-तीन मीटरांवर जड वाहन उभे राहिल्यास कठडा ढासळणार नाही ना, हे पाहून घ्यावे. शेततळे, पाझर तलाव, दूध संघाची टाकी, शेजारच्या गावातील पाण्याचे टँकर यांचीही नोंद त्याच फळ्यावर असावी आणि टँकरमालकाचा दूरध्वनी क्रमांक ग्रामसेवकापाशी असावा. बंबाच्या नळीची जोडणी गावातील पंपाला बसत नाही, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. तालुक्याच्या अग्निशमन केंद्रातील यंत्रचालकाला एकदा गावी बोलावून ती बसवून पाहिली, तर कोणते जोडतुकडे आणून ठेवावे लागतील हे तो तासाभरात सांगू शकेल.